बहिणीचे दोन बॅकलॉग, हजेरी ५८ टक्के. स्कॉलरशिप खरंच गेली का?

लूमवाला_नीलमनगर

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. वडील यंत्रमागावर होते, आता गुडघ्यामुळं घरीच असतात. बहीण इथंच सोलापुरात इंजिनिअरिंगला, कॉम्प्युटरला. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. पहिल्या वर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, राजर्षी शाहू फी सवलतीच्या योजनेचा फॉर्म भरला होता, तो मंजूर झाला.

यंदा घोळ झालाय. फेब्रुवारीत तिला कावीळ झाली. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, साठवून प्यायचं, त्यातूनच झाली असणार. महिनाभर ती अंथरुणावर. दुसऱ्या सेमला हजेरी ५८ टक्के भरली. परीक्षा दिली, पण गणित आणि फिजिक्स राहिले. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय.

आता कॉलेजच्या खिडकीवरचे म्हणतात, "७५ टक्के नाही, वर दोन विषय गेले, स्कॉलरशिप विसरा." त्यातच फॉर्म परत आलाय, 'सेंट बॅक' दिसतंय, कारण म्हणे उत्पन्नाचा दाखला जुना. आणि तिसरं म्हणजे मागच्या वर्षीचा हप्ता साइटवर जमा झालेला दिसतो, पासबुकात मात्र एक रुपया नाही. कॉलेज फी मागायलंय.

मी स्वतः डिप्लोमाला हीच स्कॉलरशिप घेतली होती, पण तेव्हा इतकी कटकट झाली नव्हती. धाकटा भाऊ बारावीला आहे, सीईटीचा अभ्यास करतोय. त्यालाही पुढं हेच भरायचंय, म्हणून एकदा नीट समजून घ्यावं म्हटलं.

पार्क_चौक_बॉय

हजेरी नसली की संपलं भावा. माझ्या मित्राचं असंच गेलं. कर्ज काढा सरळ.

खिडकी_नंबर_३

वरच्या दादांनी मित्राची योजना कुठली होती तेवढं तरी विचारायचं होतं की ओ. मी सोलापुरातल्याच एका कॉलेजात एकोणीस वर्षं स्कॉलरशिपच्या खिडकीत बसले, आता निवृत्त आहे. रोज दुपारी दोनपर्यंत हेच ऐकायचे: "मॅडम, गेली का?"

आधी हजेरी. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला ७५ टक्के लागते. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला आधीच्या सत्रात किमान ५० टक्के. शिवाय परीक्षेला बसू देण्यासाठी कॉलेज स्वतःचे ७५ धरते. नियम वेगवेगळे, पण खिडकीतली माणसे सगळ्यांना एकच आकडा फेकतात आणि पोर रडत घरी जाते. तुमच्या बहिणीची ५८ आहे, म्हणजे योजनेच्या अटीत बसते. काविळीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांचे सर्टिफिकेट कॉलेजात अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. हजेरीचा आकडा पोर्टलवर शेवटी कॉलेजच्या लॉगिनमधूनच तपासला जातो, म्हणून वाद तिथेच मिटवा.

बॅकलॉग. पुढच्या वर्षात प्रवेश मिळालाय ना? मग ती नापास होऊन त्याच वर्गात बसलेली नाही. फॉर्ममध्ये निकालासमोर एटीकेटी असेल तर एटीकेटीच लिहा. सायबर कॅफेवाले "पास टाकू, चालतंय" म्हणतात. गुणपत्रिका जोडलेली असते, मग फॉर्म परत येतो. खरे भ्यायचे ते वर्ष वाया जाण्याला. अभ्यासक्रमात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला की या योजनेतून बाहेर. तेव्हा ते गणित सोडवून टाकायला सांगा तिला.

'सेंट बॅक' म्हणजे नामंजूर नव्हे. फॉर्म तिच्या लॉगिनला परत आलाय, दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा. एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तुमचा तसाच संपला असणार. तलाठ्याचा अहवाल घेऊन सेतूत अर्ज करा. नवा दाखला आला की त्यावरचा बारकोड नंबर काळजीपूर्वक टाका, एक आकडा चुकला तर माहिती उचलत नाही. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, तुमचे त्यात आरामात बसेल.

मात्र नवीन युजर आयडी काढून नव्याने फॉर्म भरू नका. जुन्याच लॉगिनमधून नूतनीकरण करायचे. पासवर्ड विसरला म्हणून कॅफेत दुसरा आयडी काढलेली पोरे मी वर्षाला पंधरा-वीस तरी पाहिली असतील. मग वर्षभर निस्तरत बसायचे.

हप्त्याचे सांगते. पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातात असे सगळ्यांना वाटते, पण ते आधारला जे खाते जोडलेले असते त्यात जातात. शेवटी जिथे जोडले ते खाते धरले जाते. आधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचे नाव दिसेल. पाच मिनिटांचे काम आहे.

आणखी एक. २०२४-२५ पासून या योजनेत मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, आधी ५० टक्के होते. "फी माफ आहे, फॉर्म कशाला" म्हणून बऱ्याच मुली गप्प बसतात. सवलत हवी तर दरवर्षी फॉर्म भरावाच लागतो.

शेवटचे वाचून वाईट वाटेल, पण आत्ताच माहीत असलेले बरे. ही योजना एका कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना आहे. तुम्ही घेतलीत, बहीण घेतेय. धाकट्याचा हिशेब वेगळा मांडा.

बीएस्सी_मोहोळ

मॅडमनी छान सांगितलं. एक भर घालतो, कारण मी स्वतः त्यात अडकलो. मी एससीमधून, भारत सरकार शिष्यवृत्ती घ्यायचो, मॅडम म्हणाल्या ती पोस्ट मॅट्रिक. इंजिनिअरिंग झेपेना म्हणून सोडून बीएस्सीला आलो. बिगरव्यावसायिकमधून व्यावसायिकला गेलं तर शिष्यवृत्ती चालू राहते, व्यावसायिकमधून बिगरव्यावसायिकला आलं की बंद. हे मला प्रवेश घेतल्यावर कळलं. दोन विषय राहिले म्हणून बहीण कोर्स बदलायचं म्हणत असेल तर आधी तिच्या योजनेत काय लिहिलंय ते तपासा.

लूमवाला_नीलमनगर

मॅडम, खूप आभार. काल सेकंड पाळी होती, म्हणून सकाळीच सगळं करून आलो.

आधी आधारचं बघितलं. तिथं वेगळ्याच बँकेचं नाव! मग बहिणीला आठवलं, मागं चौकातल्या मोबाइलच्या दुकानात सिम घेताना त्यानं अंगठा घेऊन "खातं पण उघडून देतो" म्हटलं होतं. तेच आधारला जोडलेलं. त्या खात्यात ३८ हजार आठ महिने पडून होते. मी दोन हजारांसाठी गाडीचा हप्ता चुकवला होता त्या महिन्यात, असो. पैसे काढून कॉलेजला भरले, पावती घेतली.

हजेरीचं तुम्ही सांगितलं तसं लेखी दिलं. योजनेच्या अटींचं पान छापून नेलं होतं, त्यातल्या ५० टक्क्यांच्या ओळीखाली पेनानं रेघ मारून. खिडकीवरच्यांनी ते वाचलं, आत जाऊन आले आणि म्हणाले, "ठेवा." पोच दिली. दाखल्याचा अर्ज सेतूत टाकलाय, आला की फॉर्म परत पाठवतो.

कोर्स बदलायचा विषय घरात निघाला होता, मोहोळच्या मित्रा. तुझा मेसेज तिला वाचून दाखवला. आता गणिताची शिकवणी शोधतोय, अशोक चौकाच्या आसपास कुणी चांगलं शिकवत असेल तर सांगा.

धाकट्याला अजून काही बोललो नाही. सीईटी होऊ दे त्याची.