विधी पदवीचे पहिले वर्ष : ग्रंथालयात सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (विद्यार्थिनी, त्रिवर्षीय एलएल.बी.)
वाणिज्य शाखेची पदवी मराठी माध्यमातून घेऊन मी यंदा विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला आहे. वर्गात न्यायनिवाड्यांचे दाखले दिले जातात, परंतु ग्रंथालयातील खंडांच्या रांगांपुढे उभे राहिल्यावर कोणता खंड काढावा हे उमगत नाही. बरोबरीचे बहुतेक जण गाइडवरच भागवतात. करार कायदा आणि फौजदारी कायदा यांसाठी ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वकील)
गाइडवर परीक्षा निभावते, पण कायदा वाचता येऊ लागत नाही. प्रथम बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा केवळ मूळ मजकूर असलेले पुस्तक) घ्या आणि 1872 च्या करार कायद्याची कलमे 10 व 11 शब्दन्‌शब्द वाचा. सज्ञान व्यक्तीच करार करण्यास सक्षम असते असे कलम 11 सांगते. मात्र अज्ञान म्हणजे सज्ञान नसलेल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य (आरंभापासून निरर्थक) की केवळ शून्यकरणीय (संबंधित पक्षाच्या इच्छेने रद्द करता येणारा), हे तेथे लिहिलेले नाही. तो वाद ब्रिटिश राजवटीतील सर्वोच्च अपील न्यायसंस्था असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या प्रकरणात मिटवला आणि असा करार शून्य ठरवला. त्याचा दाखला ‘आयएलआर 30 कलकत्ता 539’ असा आहे, म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या कलकत्ता मालिकेतील तिसावा खंड, पृष्ठ 539. तो खंड स्वतः काढून वाचा. आरंभीची हेडनोट (निवाड्याचा सारांश) संपादकाची असते, न्यायालयाची नव्हे. त्यामुळे तिच्यावर थांबू नका.

उत्तर २ (ग्रंथपाल)
फौजदारी कायद्याबाबत विशेष सावध राहावे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी कपाटातील बहुतेक निवाडे जुन्या दंड संहितेच्या कलमांनुसार आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 आता 103 झाले आहे. दोन्ही संहितांच्या कलमांचा तुलनात्मक तक्ता जवळ ठेवल्याशिवाय जुने निवाडे वाचू नयेत. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निवाडे-संग्रहावर विनामूल्य मिळतात आणि काहींचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ते समजून घेण्यासाठी जरूर वाचावेत, परंतु अधिकृत पाठ इंग्रजीच असल्याने उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी मूळ निवाडा पाहावा.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. निवाडा फार मोठा असल्यास संपूर्ण वाचावा का?

उत्तर १ (वकील)
पहिल्या वर्षी तरी निदान एक निवाडा अथपासून इतिपर्यंत वाचाच. घटनाक्रम, वादाचा मुद्दा, निर्णय आणि त्याची कारणे एका पानावर स्वतःच्या शब्दांत उतरवा. इतर निवाड्यांच्या बाबतीत मुद्दा ठरवणारे परिच्छेद पुरतील, मात्र तो निवाडा पुढे दुसऱ्या निवाड्याने फिरवला (चुकीचा ठरवला) गेला आहे का, हे दर वेळी तपासा.