मधुमेह आणि गोड: तुम्ही काय निवडलंत, आणि मीटर काय म्हणाला?

मला टाइप २ मधुमेह होऊन सात वर्षं झाली. निदान झालं त्याच आठवड्यात साखरेचा डबा माळ्यावर गेला आणि त्या जागी गूळ आणि मध आले. आपण फार शहाणपणा केला असं वाटत होतं. गूळ 'नैसर्गिक', म्हणून चमचाभर साखरेच्या जागी दीड चमचा! तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.२ वरून ७.९. डॉक्टरांनी विचारलं, काही बदललंत का? मी अभिमानाने सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच. मध म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडं पाणी. गुळात खनिजं असतात हे खरं, पण ती पुरेशी मिळावीत एवढा गूळ खायचा तर मधुमेहाची वेगळी काळजी करायला नको, तो आपणहून भेटायला येईल.

तर आपापला अनुभव लिहा. फक्त 'अमुक पानांच्या रसाने ओळखीच्यांची शुगर कायमची गेली' हे इथे नको, त्याला दुसऱ्या जागा आहेत.

*

माझा किस्सा पाकिटावरच्या 'शुगर फ्री' या दोन शब्दांचा. चॉकलेट होतं, निम्मं एका बैठकीत संपवलं. रात्रभर पोटात ढोल वाजत होते, पुढचं सांगत नाही. दोन तासांनंतरचं रीडिंगही नेहमीपेक्षा चांगलंच वर. मग भिंग घेऊन घटक वाचले: माल्टिटॉल. ही शुगर अल्कोहोल, म्हणजे कायद्याने 'साखर' नाही, पण अर्धवट पचते. ग्रॅमला साधारण २ कॅलरी (साखरेला ४), आणि ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो त्याचा आकडा) ३५च्या आसपास. साखरेचा ६५. म्हणजे निम्मी साखर खाल्ल्यासारखंच, आणि मी तर दुप्पट खाल्लं होतं! जे पचत नाही ते आतड्यात पाणी ओढतं आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात, हे ढोलाचं कारण.

*

वरच्या किश्शाला जोडून. शुगर फ्री बिस्किटांत साखर नसते, मैदा असतोच. माझ्या मीटरला दोन्हींतला फरक फारसा कळत नाही. आता मी पाकिटाच्या पुढच्या बाजूला बघतच नाही, मागचा 'एकूण कार्बोहायड्रेट' हा आकडा बघते.

*

बाबांच्या पंच्याहत्तरीला केक करायचा होता. सुक्रालोज या कृत्रिम गोडीची पावडर आणली, जिचं माप साखरेइतकंच घ्यायचं असतं ती. पहिला केक पांढराफटक, चपटा आणि कोरडा. साखर नुसती गोडी देत नाही, ओलावा धरते, रंग आणते, लोण्याबरोबर फेटताना हवा कोंडते, हे तेव्हा समजलं. सुक्रालोज साखरेच्या ६०० पट गोड, म्हणजे खरं तर चिमूटभर पुरतं. मग कपभर माप भरायचं कशाने? माल्टोडेक्स्ट्रिनने. ते स्टार्चपासून करतात आणि रक्तात ग्लुकोजच्याच वेगाने उतरतं. कपभर पावडरीत साधारण २४ ग्रॅम कार्ब निघाले. कपभर साखरेत २०० ग्रॅम असतात, तेव्हा फायदा आहेच, पण 'शून्य' नाही. आता मी नेहमीच्या पाककृतीत साखर एक तृतीयांश कमी करते आणि बाबांना छोटा तुकडा देते. ते मोठा घेतात, तो वेगळा धागा.

*

एरिथ्रिटॉल (हीही शुगर अल्कोहोलच) वापरून बघितलंय कोणी? साखरेच्या साठ-सत्तर टक्के गोड, रीडिंग जागचं हलत नाही, पोटाचा त्रासही मला नाही. पण कोरडं खाल्लं तर जिभेवर पुदिन्यासारखा गारवा येतो. २०२३ मध्ये रक्तातलं एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला, तेव्हापासून मी हात आखडता घेतलाय. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे कळतं. तरी मला आधीच एक स्टेंट आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी झायलिटॉल (आणखी एक शुगर अल्कोहोल) पार वरच्या फळीवर ठेवा. माणसाला चालतं, कुत्र्याच्या अंगात मात्र एकदम इन्सुलिन सुटतं, साखर कोसळते आणि जीव जाऊ शकतो. आमच्याकडे झायलिटॉलवाल्या मिंटची डबी टेबलावरून पडली, तेव्हा रात्री बारा वाजता धावपळ झाली. वाचला.

*

२०२३च्या जुलैत 'अस्पार्टेमने कॅन्सर' अशी बातमी आली आणि आईने चहात टाकायच्या अस्पार्टेमच्या गोड गोळ्यांची डबी थेट कचऱ्यात टाकली. ठीक आहे म्हटलं. पण दुसऱ्या दिवसापासून चहात दोन चमचे साखर, दिवसातून चार वेळा! म्हणजे बत्तीसेक ग्रॅम. मी तिला शांतपणे हिशेब करून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आपल्या यादीत त्याला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलंय, आणि त्याच वेळी दुसऱ्या समितीने किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवलीय. आई साठ किलोची, म्हणजे २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत अठरा-वीस मिलिग्रॅम. "म्हणजे शंभरावर गोळ्या?" "हो." "मग बातमी कशाला दिली?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोळ्या परत आल्या. (फिनाइलकिटोनुरिया, म्हणजे अस्पार्टेममधलं फिनाइलअॅलनिन शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार, असलेल्यांनी मात्र अस्पार्टेम घ्यायचंच नाही, ते पाकिटावरही लिहिलेलं असतं.)

*

गरोदरपणात शुगर निघाली. डॉक्टरांनी सॅकरिन बंद सांगितलं, ते वारेतून बाळापर्यंत जातं म्हणून. सुक्रालोज बेताने चालेल म्हणाल्या. मी नऊ महिने बिनसाखरेचंच प्यायले, वादच नको.

*

एक उलटा अनुभव, तो कोणीतरी लिहायलाच हवा. मी इन्सुलिनवर आहे. एकदा दुपारी घाम, हात थरथर, रीडिंग ५८. बायकोने धावत जाऊन फ्रिजमधलं शीतपेय आणलं. गटागटा प्यायलो. पंधरा मिनिटांनी ५४. बाटली बघितली तर 'डाएट'. घरात गोडाचा शत्रू असल्यासारखे वागत होतो, त्यामुळे खरी साखर माळ्यावरच होती. शेवटी शेजारून आणली. आता पलंगाशेजारी ग्लुकोज पावडर असते. ७०च्या खाली गेलं की १५ ग्रॅम, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं.

*

त्यावर एक भर. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी अशा वेळी घरातल्या साखरेवर विसंबू नका, ग्लुकोजच हवं. ही औषधं सुक्रोज फोडणारं एन्झाइम अडवतात, त्यामुळे साखर पोटात जाते पण रक्तात यायला उशीर करते. मला हे फार्मासिस्टने सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

*

स्टीव्हिया: कडसर, ज्येष्ठमधासारखी चव मागे राहते. दोन आठवड्यांत सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

*

मी पर्याय शोधलेच नाहीत. दोन चमचे घ्यायचो, दर पंधरवड्याला पाव चमचा कमी केला. चार महिन्यांत शून्यावर. परवा चुकून कोणाचा तरी गोड चहा घोटभर घेतला आणि तोंड वाकडं झालं.

*

धागाकर्ती: डाएट शीतपेयाचा किस्सा वाचून उठले आणि माळ्यावर चढले. साखरेचा डबा सात वर्षांनी खाली आणलाय. आता तो ओट्यावर नाही, पलंगाशेजारच्या कपाटात, वर मोठ्या अक्षरांत 'औषध' लिहून. मुंग्या लागणार नाहीत अशी झाकणबंद डबी कोणती घ्यावी, तेवढं सांगा.