मण्यार साप चावल्याचा संशय असलेला रुग्ण: रात्री ऑब्झर्व्हेशनला नेमकं काय बघायचं?

नवी_स्टाफनर्स:
नमस्कार. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नुकतीच रुजू झालेय. परवा पहाटे चाळिशीचे एक गृहस्थ आले. रात्री जमिनीवर झोपले होते. पोटात कळा, उलट्या. अंगावर खूण नाही, सूज नाही. डॉक्टरांनी मण्यारचा संशय धरून ठेवून घेतलं. ट्यूब टेस्टमध्ये रक्त व्यवस्थित गोठलं, ऑक्सिजन 98. अशा रुग्णाचं टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) सोडून अजून काय बघायचं? बिघडायला लागलाय हे कशावरून ओळखायचं?

इनचार्ज_सिस्टर:
बाळा, प्रश्न फार चांगला विचारलास. मण्यारच्या दंशात जखमेवर काही शोधू नकोस. दात बारीक असतात, दुखत नाही, सुजत नाही. झोपेतून पोटदुखीने उठलेला माणूस पावसाळ्यात आला की आधी त्याच्या पापण्या बघायच्या.

वर बघायला सांग आणि नजर तशीच धरून ठेवायला सांग. पापण्या हळूहळू उतरायला लागल्या तर डॉक्टरांना तेव्हाच उठव, तास भरायची वाट बघू नकोस. मग उशीवरून मान उचलता येते का, जीभ बाहेर काढता येते का, थुंकी गिळता येते का, आवाज नाकात येतोय का. आणि माझी सगळ्यात भरवशाची गोष्ट: एका श्वासात आकडे म्हणायला लावणं. आल्याआल्या किती म्हटले ते लिहून ठेव. मघाशी तीसपर्यंत जाणारा माणूस आता पंधरावर अडकत असेल तर त्याच्या श्वासाचे स्नायू थकताहेत.

98 वर विसंबू नकोस. ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), लाळ ओढायचं सक्शन आणि श्वासनलिकेत घालायच्या ट्यूबचं सामान उशाशीच हवं. लाळ गिळता येत नसेल तर कुशीवर वळव, तोंडाने पाणीसुद्धा नको.

कॅज्युअल्टी_ब्रदर:
सिस्टरनी सांगितलंच आहे, ट्यूब टेस्टबद्दल थोडं. मण्यार आणि नागाचं विष मज्जासंस्थेवर जातं, त्यामुळे रक्त गोठलं म्हणजे धोका टळला असं नाही. ती टेस्ट घोणस-फुरशासाठी, त्यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. नवी, कोरडी काचेची ट्यूब, 2 मिली रक्त, 20 मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. साबणाने धुतलेली ट्यूब वापरली की चांगलं रक्तही गोठत नाही.

नवी_स्टाफनर्स:
आमच्याकडे प्लॅस्टिकच्याच आहेत. आणि सिस्टर, एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू केल्यावर मी काय करू?

इनचार्ज_सिस्टर:
प्लॅस्टिकवर टेस्ट करू नकोस. काचेच्या ट्यूबची मागणी आजच स्टोअरला लिहून दे, मी दर पावसाळ्याआधी देते.

एएसव्हीच्या आधी अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून ठेव, रिअॅक्शन आली तर लागतं. मोठ्या माणसाला 1:1000 चं अर्धा मिली, मांडीत, डॉक्टरांच्या ऑर्डरने. एएसव्हीच्या साधारण 10 व्हायल सलाइनमधून तासाभरात जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वय बघून सोडलेलं नसतं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं खाटेजवळून हलू नकोस. खाज, अंगावर गांधी, खोकला, थंडी वाजणं, काहीही दिसलं की आधी ड्रिप थांबव.

अजून एक, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. मण्यारच्या रुग्णाचे डोळे मिटलेले असतात, हातपाय हलत नाहीत, बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन प्रतिसाद देईनाशा होतात. नातेवाईक म्हणतात, गेला. पण तो आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असतो. आमच्याकडे व्हेंटिलेटरवरून उतरलेल्या एका मुलाने खाटेशेजारी कोण काय बोललं ते आईला सांगितलं होतं. म्हणून सक्शन करताना नावाने हाक मारून सांग, “आता नळी घालतेय, थोडा त्रास होईल.” आईला त्याचा हात धरून बसू दे.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर लिही: कधी आला, पापण्या कधी पडायला लागल्या, आकडे पहिल्यांदा किती आणि शेवटी किती, एएसव्ही किती वाजता, किती व्हायल. आणि 108 मध्ये अँबू चालवता येणारं माणूस बसल्याशिवाय गाडी सोडू नकोस.