मदत हवी आहे: इंटर्नशिपचा रिपोर्ट आणि बुडालेली इंटरनल

नमस्कार मंडळी. मी बेळगावात मेकॅनिकलला आहे, इंटर्नशिप उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. पंप हाउसिंगच्या कास्टिंगवर मशिनिंगनंतर ब्लोहोल (धातूतल्या पोकळ्या) दिसतात म्हणून गिऱ्हाइकाने चाकणला बोलावलं आणि क्वालिटीच्या साहेबांनी मलाही सोबत नेलं. कोगनोळी नाका ओलांडेपर्यंत ते साच्याच्या वाळूवरच बोलत होते! वाळूत ओलावा जास्त झाला की ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती वाळूतून बाहेर पडली नाही तर धातूत अडकून पोकळी राहते. हे पुस्तकात वाचलं होतंच, पण कापलेला पीस हातात घेतल्यावर डोक्यात बसलं.

आता कॉलेज सुरू झालंय. रिपोर्टमध्ये गाइडना फोटो आणि ड्रॉइंग हवीत, कंपनी दोन्ही बाहेर देत नाही. हाताने काढलेलं स्केच आणि नाव-आकडे वगळून केलेली नोंद चालते का? कुणी असा रिपोर्ट दिलाय का?

दुसरं, त्याच आठवड्यात एक इंटरनल बुडाली. व्हीटीयूत (आमच्या विद्यापीठात) सीआयईला, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाला, ५० पैकी २० लागतात, नाहीतर सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येत नाही. कंपनीचं पत्र एचओडींना द्यायचं की आधी विषयाच्या सरांना भेटायचं? सीनियर दादा-ताईंनी सांगा की.