बर्टोयांच्या डायमंड खुर्चीची कड एकाच जाड तारेची का?

प्रश्न : मृण्मयी_क

पोलादी तारेच्या दोन खुर्च्यांची छायाचित्रे मी ताडून पाहत आहे. एक चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याची, १९५१ सालची, हर्मन मिलर कंपनीची. दुसरी हॅरी बर्टोया यांची डायमंड, जी नोल कंपनीने १९५२ साली बाजारात आणली. ईम्सांच्या खुर्चीची कड दुहेरी तारेची आहे, बर्टोयांच्या खुर्चीला मात्र एकच जाड तार दिसते. हा फरक सौंदर्यदृष्टीतून आला की कारखान्याच्या सोयीतून? शिवाय बर्टोया काही काळ ईम्सांकडेच कामाला होते. मग डायमंडला स्वतंत्र निर्मिती म्हणावे का?

उत्तर : धातुकाम

मृण्मयीताई, या फरकाचे मूळ पेटंटच्या वादात आहे. सुरुवातीच्या डायमंड खुर्चीची कडही दुहेरीच होती, म्हणजे जाळीच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक तार वेल्ड केलेली असे. कडेच्या या रचनेचे पेटंट ईम्सांकडे असल्यामुळे हर्मन मिलरने हरकत घेतली, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि नोलला कड बदलावी लागली. तेव्हापासून कडेला एकच जाड तार येते आणि जाळीच्या तारांची टोके तिरपी घासून गुळगुळीत केली जातात. आजही ही खुर्ची अशीच बनते.

स्वतंत्र निर्मितीच्या प्रश्नाला मात्र पेटंटवरून उत्तर मिळणार नाही. १९१५ साली इटलीत जन्मलेले आणि १९३० मध्ये डेट्रॉइटला आलेले बर्टोया मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि पुढे तेथेच धातुकाम शिकवू लागले. १९४३ मध्ये ते कॅलिफोर्नियाला ईम्सांकडे गेले तेव्हा तेथे वाकवलेल्या प्लायवुडवर प्रयोग चालू होते, आणि त्यांत बर्टोयांचाही वाटा होता. तरीही १९४६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्या फर्निचरचे प्रदर्शन भरले ते एकट्या चार्ल्स ईम्स यांच्या नावाने. मला हा अन्यायच वाटतो. १९५० मध्ये हान्स आणि फ्लॉरेन्स नोल यांनी बर्टोयांना पेनसिल्व्हेनियात बोलावून घेतले, हवे ते करून पाहण्याची मोकळीक दिली आणि खुर्च्या त्यांच्याच नावाने विकल्या. तारेच्या खुर्चीचा इतिहास सांगताना हा मोठेपणा विसरता कामा नये.

उत्तर : रेखाकार

प्रदर्शनाच्या श्रेयाबद्दल आपल्याशी सहमत आहे. पण कडेच्या बाबतीत ईम्सांचा हक्क रास्त होता, असे मला वाटते. तारांच्या जाळीला माणसाचे वजन पेलायचे असेल तर सर्वांत मोठा प्रश्न कडेचाच येतो, कारण आतल्या तारा एकमेकींना धरून असतात, पण त्यांची टोके मोकळी राहतात. त्या टोकांना बारीक तारांतच बळकटी देण्याची युक्ती पेटंट घेण्याच्या योग्यतेची होती.

दोन्ही खुर्च्यांमधील खरा भेद जाळीच्या विणीत आहे. फायबरग्लासच्या एकसंध कवचाचा जो आकार ईम्सांनी १९५० साली सिद्ध केला होता, तोच त्यांनी तारेत उतरवला. बर्टोयांच्या हाती मात्र जाळीच आकार घडवते : तिचे चौकोन ताणले जाऊन तिरपे होतात, पृष्ठभाग वळेल तसा प्रत्येक घराचा कोन बदलतो आणि त्यातूनच बैठक, पाठ व हात एका सलग वक्रात तयार होतात. आपल्या खुर्च्या शिल्पांसारख्या मुख्यतः हवेच्याच बनलेल्या आहेत, असे ते म्हणत, ते यामुळेच.

उत्तर : धातुकाम

रेखाकार, विणीचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि डायमंड यंत्रावर सहज का बनवता आली नाही हेही त्यातून कळते. प्रत्येक घराचा कोन वेगळा असल्यामुळे तारा हातानेच वाकवणे सोयीचे ठरले. त्या साच्यात बसवून मग वेल्ड केल्या जात. दिसायला कारखानी असलेल्या या वस्तूत हातकाम एवढे आहे.

मृण्मयीताई, जुनी डायमंड प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर कडेवरून बोट फिरवून पाहा. दोन बारीक तारा लागल्या तर ती खुर्ची बदलापूर्वीची असण्याचा संभव आहे. एकच जाड तार आणि तिरपी घासलेली टोके लागली तर ती नंतरच्या पद्धतीची आहे.