विषय: लेक फोर्कवर क्रॉपी पकडायचे नियम

नमस्कार मंडळी,
आईबाबा रत्नागिरीहून आलेत. डॅलसच्या थंडीतही बाबांचा पाय घरात ठरत नाही. येत्या शनिवारी त्यांना इथल्या लेक फोर्क तलावावर क्रॉपी (गोड्या पाण्यातला मासा) पकडायला न्यावं म्हणतोय. बाबांनी सामानातून पाग (फेकायचं जाळं) आणलाय, तो चालेल का? १० इंचांखालची क्रॉपी परत सोडायची आणि माणशी २५ च्या वर घ्यायची नाही, एवढं मला ठाऊक आहे. लायसन्स कोणाकोणाचं काढू? चिरंजीव ११ वर्षांचे आहेत.
– बाबू, फ्रिस्को

बाबू,
बरं झालं आधी विचारलंस. तुला ठाऊक आहे ते टेक्सासच्या बहुतेक तलावांवर बरोबर आहे, पण फोर्कवर आत्ता नाही. तिथे १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेर लांबीची अटच नसते आणि गळाला लागलेली प्रत्येक क्रॉपी ठेवावीच लागते. बोटभर असली तरी ती तुझ्या २५ मध्ये धरली जाते. लहान सोडून मोठीची वाट बघत बसणं हा तिथे गुन्हा. २५ झाल्या की क्रॉपी पकडणं बंद. लेक ओ' द पाइन्सलाही हेच.

कारण सांगतो, म्हणजे बाबांनाही पटेल. हिवाळ्यात क्रॉपी खोल पाण्यात जाऊन राहते. तिथून झरझर वर ओढली की दाब एकदम उतरतो आणि तिच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. सोडलीस तरी तिला खाली जाता येत नाही, आडवी होऊन तरंगत राहते. मी ती तशी पाहिली आहे, कल्ले हलत असतात आणि वर पक्षी घिरट्या घालत असतात. सोडून मरणार, त्यापेक्षा घरी न्या, असा तो नियम आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

पाग घरीच राहू दे. क्रॉपी इथे 'गेम फिश' या खास वर्गात येते, ती फक्त गळानेच धरायची. १४ फुटांपर्यंतचा पाग गोड्या पाण्यात चालतो, पण शॅडसारख्या, त्या वर्गात न येणाऱ्या मासळीपुरताच. त्यात चुकून क्रॉपी आली तर लगेच पाण्यात सोडायची.

लायसन्स १७ वर्षांखाली लागत नाही, म्हणजे चिरंजीव मोकळे. तुझं रहिवाशाचं. बाबांचं बाहेरच्याचं, त्यात एका दिवसाचंही मिळतं. आई नुसती बघत बसणार असेल तर तिला काही नको. वर्षाचं काढलंस तर ध्यानात ठेव, साधं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, कधीही काढलेलं असो. स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून गळ टाकायला मात्र कोणालाच लायसन्स लागत नाही.
– आबा, गार्लंड

आबा, एक भर घालते. टेक्सोमा तलावावर माणशी ३७ क्रॉपी चालतात, पण १० इंचांची अट तिथे बाराही महिने आहे. आम्ही निघण्यापूर्वी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या सरकारी खात्याच्या साइटवर त्या त्या तलावाचं पान उघडून बघतो. आणि बाबू, पट्टीवर मोजताना माशाचं तोंड मिटवून शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र धरायची. तेवढ्याने माप पाव इंच वाढतं. साफ मात्र काठावर आल्यावरच करायची, होडीत डोकं-शेपूट उडवायचं नाही.
– ताई, प्लेनो

आबा, ताई,
काल जाऊन आलो. तिघांत मिळून नऊ. त्यातली एक माझ्या तळहातापेक्षा लहान. बाबांचा हात सवयीने ती सोडायला गेला, मी मनगट धरलं. मग हवेच्या पिशवीचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग ठेवायलाच हवी." रात्री आईने आगळ लावून रव्यात तळल्या. काटा कमी, चव गोडसर.
मार्चमध्ये क्रॉपी उथळ पाण्यात येते म्हणतात, तेव्हा परत न्या म्हणून बाबा मागे लागलेत. १ मार्चपासून फोर्कला पुन्हा १० इंच ना? पट्टी आजच घेऊन ठेवतो.
– बाबू

हो, १ तारखेपासून १० इंच. मलाही घेऊन चल.
– आबा