शनिवारचे जेवण आणि सूपचे पाणी

आत्या, सकाळी ८.१०
शनिवारी संध्याकाळी साडेपाचचे टेबल घेतल्याचा निरोप काल रात्री वाचला. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्यांनी एकत्र बसावे, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ठिकाण पुन्हा तेच, कोरियन आणि जपानी पदार्थ नव्या पद्धतीने देणारे, म्हणून एक प्रश्न आताच विचारते. मागच्या वेळी तो अर्धी वाटी संपल्यावर माझ्या लक्षात आला होता. सूपचे पाणी कशाचे असते?

धाकटे काका, सकाळी ८.२६
साडेपाच ही जेवणाची वेळ नव्हे. माझे काम साडेपाचला संपते, त्यामुळे सातच्या आत मला पोहोचता येणार नाही. टेबल साडेसातचे करावे, ही विनंती.

दादा, सकाळी ८.४०
काका, वेळ मी विचार करूनच घेतली आहे. आजी सातला जेवते आणि आठला गोळ्या घेते. आमच्या चिरंजीवांना आठनंतर जागे ठेवले, तर कोणालाच सुखाने जेवता येत नाही. शिवाय साडेपाचला स्वयंपाकघर नुकतेच सुरू झालेले असते, गर्दी नसते आणि काही वेगळे सांगितले तर ऐकून घ्यायला माणसांना उसंत असते. आत्या, त्यांच्या मेन्यूवर शाकाहारी पदार्थांपुढे हिरवी खूण आहे, मी पाहिले आहे.

आत्या, सकाळी ८.५२
हिरवी खूण मागच्या वेळीही होती. सूपचे पाणी कशाचे असते?

ताई, सकाळी ९.१५
मला यंदा येता येणार नाही, पण या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते. गेली तीन वर्षे मी जपानी स्वयंपाकघरात काम करते आहे आणि रोजचे माझे पहिले काम दाशी, म्हणजे सूपचे मूळ पाणी, काढण्याचे असते. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचा तळहाताएवढा, पाटीसारखा टणक तुकडा फडक्याने अलगद पुसून गार पाण्यात ठेवायचा, मंद आचेवर पाणी तापवायचे आणि उकळी फुटण्याआधी, भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की तो बाहेर काढायचा. मग त्यात कात्सुओबुशीच्या, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या, कागदाहून पातळ चकत्या सोडायच्या आणि त्या खाली बसू लागल्या की पाणी फडक्यातून गाळून घ्यायचे. हाती येते ते फिकट सोनेरी, नितळ पाणी. त्यात मासा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मेन्यूवर ‘टोफू आणि मिसोचे सूप’ एवढेच छापलेले असते आणि वाढणारा मुलगाही ‘यात मांस नाही’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो. आत्या, तुमची शंका शंभर टक्के बरोबर होती.

आत्या, सकाळी ९.२१
धन्यवाद, बाळा. गेले वर्षभर मला हेच ऐकायचे होते.

धाकटे काका, सकाळी ९.३०
अक्का, त्या गोष्टीला वर्ष झाले. दोन घोटांनी कोणाचे काही बिघडत नाही, असे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि त्यात तुला दुखवण्याचा हेतू नव्हता. वेळेचे काय झाले? माझे काम साडेपाचला संपते. टेबल साडेसातचे करावे.

आत्या, सकाळी ९.४४
तू म्हणालास एवढेच नाही, तू हसलासही. मी चाळीस वर्षे जे पाळते आहे ते तुला पटले पाहिजे, असा माझा आग्रह नाही, पण माझ्या ताटात काय आले हे मला खाण्याआधी कळले पाहिजे, हा आग्रह मात्र आहे आणि राहील.

वहिनी, सकाळी १०.०५
आत्या, तुमच्याबरोबर मलाही हा प्रश्न विचारायचा आहे. आमच्या पिल्लाला कोळंबीची ॲलर्जी आहे आणि त्याच्या बाबतीत दोन घोटांनी निश्चित बिघडते. ताई, किमची त्याला चालेल का? ती तर कोबीची असते.

ताई, सकाळी १०.२०
वहिनी, त्याला किमची अजिबात देऊ नका. बहुतेक किमचीत जॉतगाल, म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी किंवा मासळी, नाहीतर माशाचा सॉस घातलेला असतो. मुरल्यावर तो तिखटात असा मिसळून जातो की चवीवरूनही ओळखता येत नाही. दुसरी गोष्ट तेलाची. भाज्यांचा टेंपुरा मागवला आणि तो कोळंबीच्याच कढईत तळला, तर ॲलर्जी असलेल्याला त्याचाही त्रास होऊ शकतो, म्हणून कढई वेगळी आहे का, हे विचारावेच लागते. आत्या, टेंपुऱ्यासोबतच्या पातळ सॉसमध्ये बहुधा दाशी असते, तळलेल्या टोफूखालच्या रसातही तीच असते आणि तांदळाच्या पिठाच्या लांबट वड्यांची कोरियन त्योकबोक्की सहसा सुक्या मासळीच्या पाण्यात शिजते. अशा नव्या धर्तीच्या ठिकाणी दोन्हीकडचे पदार्थ एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नये.

मोठे काका, सकाळी १०.४८
सर्वांना नमस्कार. इतकी पथ्ये सांभाळायची असतील, तर ठिकाणच बदलावे, असे मला नम्रपणे वाटते. तसेही गिंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला कोरियन भात, ही सुशीची नक्कल आणि टेंपुरा म्हणजे साधी भजी. वयोवृद्ध आईला जमिनीवर मांडी घालून बसवणार का, हेही कोणी सांगितलेले नाही.

दादा, सकाळी ११.०२
काका, ठिकाण आजीने स्वतः निवडले आहे. मागच्या वेळी तिने दगडी भांड्यातला बिबिंबाप मागवला होता आणि तळाशी धरलेला कुरकुरीत भात चमच्याने खरवडून शेवटच्या शितापर्यंत खाल्ला होता. इतके आवडीने जेवताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. बसायला खुर्च्या-टेबल मिळेल, ती खात्री मी करून घेतली आहे.

ताई, सकाळी ११.१०
आणि गिंबाप नक्कल नव्हे, काका. सुशीच्या भाताला व्हिनेगर, साखर आणि मीठ लावतात, तर गिंबापच्या भाताला तिळाचे तेल आणि मीठ. दोन्ही एकापाठोपाठ खाऊन पाहिले, तर डोळे मिटूनही फरक कळेल. टेंपुऱ्याची पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून जपानात गेली, असे मानले जाते.

मोठे काका, सकाळी ११.३१
पोर्तुगीज हा विषय माझ्यासाठी नवा आहे. तरीही भजी ती भजीच, हे माझे मत कायम आहे.

धाकटे काका, सकाळी ११.३५
अण्णा, भज्यांवर चर्चा चालू शकते, पण माझ्या वेळेवर नाही. पुन्हा लिहितो, माझे काम साडेपाचला संपते. टेबल साडेसातचे करावे.

आत्या, दुपारी १२.०४
आणि मीही पुन्हा लिहिते. शनिवारी सूपचे पाणी कशाचे असेल?

ताई, दुपारी १२.२०
आत्या, त्याला चांगला मार्ग आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ज्या भरीव, रुचकर चवीला उमामी हे नाव दिले, ती त्याला माशात नव्हे, कोंबूच्या पाण्यातच सापडली होती. जपानमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात तर मासा नसतोच, तिथे कोंबू आणि सुक्या शिताके अळंबीचे पाणी वापरतात. त्यामुळे शाकाहारी दाशी मागणे म्हणजे कमी चवीचे काहीतरी मागणे नव्हे, तीही त्यांचीच जुनी रीत आहे. अडचण एवढीच की सुकी अळंबी गार पाण्यात कित्येक तास भिजावी लागते. ऐन वेळी टेबलावर बसून मागितले तर कोणीही देऊ शकणार नाही, आदल्या दिवशी कळवले तर सहज जमते. आणि ‘शाकाहारी आहे का’ असे विचारू नये. ‘मासा, कोळंबी, माशाचा सॉस आणि दाशी यांपैकी काय आहे’ असे एकेक नाव घेऊन विचारावे. हॉटेलातल्या माणसाला नेमके विचारलेले आवडते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

दादा, दुपारी ३.४०
आत्ताच फोनवर बोललो आणि ताईने सांगितल्याप्रमाणे एकेक नाव घेऊन विचारले. शुक्रवारी रात्री ते आत्यांसाठी कोंबू आणि शिताके भिजत घालणार आहेत. सूप आणि तळलेला टोफू त्याच पाण्यात होईल, टेंपुऱ्याचा सॉसही त्याचाच करतील. मासळीविरहित किमची त्यांच्याकडे नाही, तिच्याऐवजी काकडी आणि मुळ्याचे लोणचे देतील. पिल्लासाठी वेगळी कढई मात्र सातनंतर, गर्दी वाढल्यावर, शक्य होणार नाही. साडेपाचला आलात तर होईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आत्या, मागच्या वेळी हे मी करायला हवे होते. हिरव्या खुणेवर विसंबलो, ती माझी चूक झाली.

आत्या, दुपारी ३.५२
तू चूक म्हटलेस, तिथेच माझे मन निवले. मी पाच वीसलाच येते.

धाकटे काका, दुपारी ४.०५
म्हणजे साडेसात होणार नाही, असे धरून चालू का? तुम्ही सुरुवात करा, मी मागाहून येईन.

वहिनी, दुपारी ४.१८
ताई, मी वाचले होते की कोरियन घरांत सर्वांत ज्येष्ठ माणसाने चमचा उचलल्याशिवाय कोणी जेवायला लागत नाही. हे खरे आहे का?

ताई, दुपारी ४.२२
खरे आहे. भातही ते चमच्यानेच खातात, त्यामुळे आजीला काड्यांची चिंता नको.

आजी, दुपारी ४.४५
सगळे वाचते आहे, टाइप करायला वेळ लागतो. त्यांची ही रीत मला आवडली. सगळी मुले टेबलाशी बसल्याशिवाय मी शनिवारी चमचा उचलणार नाही.

धाकटे काका, दुपारी ४.५१
आई, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकतो आणि साडेपाचला येतो. अक्का, तुला घ्यायला मी पाचला तुझ्या घरी येऊ का?

आत्या, दुपारी ५.०३
ये. पण पाचला म्हणजे पाचलाच.